तालीम फुकट, प्रयोगाचे पैसे वेगळे

कथा, कादंबरी, कविता आणि संगणकाचा प्रोग्रॅम हे सगळे कायद्याच्या नजरेत एकाच खात्यातले आहेत, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळले. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि 'साहित्यकृती'च्या व्याख्येत संगणकाचा प्रोग्रॅम येऊन बसला. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, तेहेतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, 'साहित्य म्हणजे काय' यावर मुलांकडून कितीतरी उत्तरे घोकून घेतली, पण त्यात ही शाखा कुठेच नव्हती! गंमत म्हणजे नाटकाला मात्र कायद्याने शेजारची वेगळी खोली दिली आहे. तिथे त्याला 'नाट्यकृती' म्हणतात. का ते पुढे येईलच.

आता तुम्ही म्हणाल, आजींना हे उद्योग कुणी सांगितले? तर सांगते.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा भोसरीला एक छोटी कंपनी चालवतो. छोटी म्हणजे तो स्वतः, दोन इंजिनीयर आणि एक वायरमन. कारखान्यांतल्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावायचे, हा त्यांचा धंदा. गेल्या वर्षी त्याला एका दूध डेअरीचे काम मिळाले (नाव सांगत नाही, गावही सांगत नाही). त्या कामात तो दोन महिने असा काही अडकला की आमच्या घरात 'रनटाइम' हा शब्द जेवणाच्या पानावरसुद्धा येऊ लागला. मला अर्धवट कळलेला शब्द स्वस्थ बसू देत नाही, ही जुनी खोड. मग मी त्याला समोर बसवून सगळे विचारून घेतले. तुम्हा वाचकांपैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांना हे बालबोध वाटेल, त्यांनी दोन परिच्छेद ओलांडून पुढे जावे.

डेअरीत दूध येते, तापवले जाते, थंड होते, पिशवीत भरले जाते. तापवायचे म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद, आणि लगेच ४ अंशांपर्यंत खाली. हे काम यंत्र करते आणि त्या यंत्राच्या डोक्यात एक छोटा संगणक असतो, त्याला पीएलसी म्हणतात. दूध पुरेसे तापले नाही तर एक झडप ते आपोआप मागे वळवते. पण बॉयलर एका कंपनीचा, बर्फाच्या पाण्याचा कॉम्प्रेसर दुसऱ्या कंपनीचा, पाश्चरायझर तिसऱ्या कंपनीचा, आणि प्रत्येकाच्या पीएलसीची भाषा निराळी. कुणी मॉडबस बोलतो (ही १९७९ सालची भाषा, अजून ठणठणीत आहे), कुणी आणखी काही. ऑफिसात मॅनेजरसाहेबांना तर सगळी तापमाने एकाच पडद्यावर बघायची असतात आणि त्यांची नोंदही ठेवायची असते, कारण तपासणीला येणारे लोक आधी नोंदी मागतात. मग मध्ये एक दुभाषी बसवावा लागतो. तो दुभाषी म्हणजे एक सॉफ्टवेअर. त्याला ओपीसी सर्व्हर म्हणतात.

हा ओपीसी म्हणजे १९९६ साली ठरलेला एक करार आहे. यंत्रे बनवणाऱ्या आणि पडदे बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ठरवले की मधली भाषा एकच असावी. २०११ पासून त्यातल्या 'ओ'चा अर्थ 'ओपन' असा लावतात. भाचा म्हणाला, "आत्या, गिऱ्हाईक इथेच फसतं. ओपन म्हटलं की त्याला वाटतं फुकट." मी म्हटले, अरे, मराठी व्याकरणाचे नियम सगळ्यांसाठी खुले आहेत, म्हणून काय कादंबऱ्या फुकट मिळतात? नियम खुले, त्या नियमांनी लिहिलेली वस्तू विकतची. हे त्याला इतके आवडले की त्याने लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतले.

तर आता मूळ मुद्दा. हे सॉफ्टवेअर दोन वेळा लागते. एकदा इंजिनीयर ऑफिसात बसून सगळी जुळवाजुळव करतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ते डेअरीतल्या संगणकावर दिवसरात्र चालते तेव्हा. पहिल्याला डेव्हलपमेंट म्हणतात, दुसऱ्याला रनटाइम. आणि पुष्कळ ठिकाणी या दोन्हींचे परवाने वेगळे असतात! सीमेन्सच्या विनसीसीमध्ये 'आरसी' आणि 'आरटी' असे दोन प्रकार आहेत. पहिल्यात रचना आणि चालवणे दोन्ही, दुसऱ्यात फक्त चालवणे. कोडेसिस नावाच्या जर्मन सॉफ्टवेअरमध्ये लिहिण्याचे साधन फुकट मिळते, पण ते ज्या यंत्रावर चालवायचे त्या प्रत्येक यंत्रामागे रनटाइमचे पैसे. लॅबव्ह्यूमध्ये साधा प्रोग्रॅम चालवायला लागणारे इंजिन फुकट मिळते, पण कारखान्यातल्या संवादाचा आणि नोंदींचा डीएससी हा भाग घातला, की ज्या ज्या संगणकावर बसवाल त्या प्रत्येकाचा वेगळा परवाना. उलट जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये रनटाइम फुकट वाटता यायचे. म्हणजे एकसारखा नियम नाही. ज्याचे त्याचे शास्त्र वेगळे, लग्नातल्या मानपानासारखे.

परवाना नसेल तर? तर यातली बरीच सॉफ्टवेअरे दोन तास चालतात. अगदी मोजून दोन तास! केपवेअरचा सर्व्हर असो, कोडेसिसचे रनटाइम असो, दोन तास सगळे नीट चालते आणि मग दुभाषी तोंड मिटून बसतो. पुन्हा सुरू केला की आणखी दोन तास. याला डेमो म्हणतात. इंजिनीयरला जोडणी तपासून बघता यावी म्हणून ही सोय.

माझ्या डोक्यात इथे एकदम उजेड पडला. अहो, हे तर नाटकाचे प्रयोगहक्क!

आमचे हे तालुक्याच्या हौशी नाट्यमंडळात होते. नाटकाचे पुस्तक दुकानात मिळायचे, कुणीही घ्यावे. घरी वाचा, मित्रांत वाचा, शाळेच्या व्हरांड्यात महिनाभर तालमी करा, लेखक काही म्हणत नाही. पण तिकीट लावून पडदा वर न्यायचा असेल तर पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर छापलेलेच असते, की प्रयोगापूर्वी लेखकाची परवानगी घेणे आवश्यक आहे. आणि दर प्रयोगाला मानधन. राज्य नाट्यस्पर्धेत उतरायचे तर लेखकाचे संमतीपत्र जोडावे लागते. नाटकाला कायद्यात वेगळी खोली का, ते इथे दिसते. नाटक छापून संपत नाही, ते दर वेळी नव्याने 'होते'. कारखान्यातला प्रोग्रॅमही तसाच. त्याची किंमत तबकडीत किंवा फाइलीत नाही, तो रात्री तीन वाजता चालतो आहे यात आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मात्र कायद्याने सवलत दिली आहे. मुलांनी आणि शिक्षकांनी नाटक केले आणि बघायला पालक व शाळेशी संबंधित मंडळीच असली, तर प्रताधिकाराचा भंग होत नाही. दोन तासांच्या डेमोपेक्षा ही सवलत उदार म्हणायची.

पण सगळीच मंडळे मानधन पाठवत नसत. यांच्या मंडळातही दरवर्षी भांडण व्हायचे. खजिनदार म्हणायचे, "अहो, आपण इथे आडगावात प्रयोग करतो, लेखकाला पुण्यात बसून काय कळणार आहे?" हे ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन मनीऑर्डर करायचे. बऱ्याचदा खिशातून. त्या पावत्यांचा डबा हे गेल्यानंतरही बरीच वर्षे माझ्याकडे होता. त्या काळी मला या गोष्टीचा राग यायचा हे कबूल करते, कारण ते पैसे घरखर्चातलेच असत.

असो. डेअरीकडे वळू.

काम घेताना डेअरीने 'सॉफ्टवेअरसह' अशी एकरकमी किंमत मागितली होती आणि भाच्याने रनटाइम परवाना गिऱ्हाइकाने घ्यायचा असे कोटेशनच्या सतराव्या पानावर लिहिले होते. सतरावे पान कोण वाचतो? जोडणी झाली, चाचणी डेमोवर झाली, सगळे पडदे सुरेख दिसू लागले. आणि डेअरीने त्याच दिवसापासून उत्पादन सुरू केले! भाचा म्हणाला परवाना मागवा, तर मॅनेजर म्हणाले, "चाललंय की. अजून काय पाहिजे?" मग रात्रपाळीच्या ऑपरेटरने मोबाइलवर पावणेदोन तासांचा गजर लावला. गजर वाजला की संगणकापाशी जायचे, दुभाष्याला बंद करून पुन्हा उठवायचे. असे नऊ दिवस चालले. दहाव्या रात्री तो मुलगा बिचारा झोपला (लग्नाच्या वरातीत नाचून ड्युटीवर आला होता म्हणे), आणि पहाटेपर्यंत पडद्यावरचे सगळे आकडे जाऊन तिथे प्रश्नचिन्हे उभी राहिली.

दूध नासले नाही. पीएलसी आपले काम करत होता, झडप आपल्या जागी शाबूत होती. दुभाषी झोपला म्हणून स्वयंपाकी काही झोपत नाही. पण चार तासांच्या तापमानाची नोंद गेली ती गेलीच. जे दूध तापले ते तापले हे सिद्ध कशाने करणार? डेअरीला तो माल बाजूला ठेवून प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा लागला आणि दोष सगळा भाच्यावर आला. शेवटचा हप्ता अडकला. हा हप्ता म्हणजेच त्याचा नफा असतो, बाकीचे सगळे सामानात आणि पगारात गेलेले असते.

मग मॅनेजरांनी गावातला एक संगणक दुरुस्तीवाला आणला. त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाला, याच्यात 'क्रॅक' आहे, पाच मिनिटांत दोन तासांची भानगड मिटेल. मॅनेजर भाच्याला म्हणाले, "सगळे हेच करतात. ती कंपनी अमेरिकेत, त्यांना इथे बसवलेलं काय कळणार आहे?"

हे वाक्य भाच्याने मला जसेच्या तसे सांगितले तेव्हा मी चमकले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे खजिनदार समोर येऊन उभे राहिले! फक्त पुण्याचे अमेरिका झाले होते.

भाच्याने नकार दिला. त्याची कारणे माझ्यासारखी साहित्यिक नव्हती. एक तर कायदा. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड, असे कलमच आहे. दुसरे म्हणजे तो पेनड्राइव्ह. ज्या संगणकाची नाळ कारखान्यातल्या यंत्रांशी जोडलेली आहे त्यात कुठून आले ते माहीत नसलेले काही घालायचे नाही, हे त्याच्या धंद्यातले सोवळे आहे. २०१० साली स्टक्सनेट नावाचा विषाणू उघडकीला आला. तो पेनड्राइव्हवरूनही पसरत होता आणि इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातली यंत्रे त्याने बिघडवली. तिथे जे झाले ते इथल्या दुधाच्या तापमानाबाबत होऊ नये, असे भाचा म्हणाला. मॅनेजर हसले असणार. मी हसले नाही.

घरी मात्र महाभारत झाले. माझा भाऊ, म्हणजे त्याचे वडील, उभा जन्म सरकारी खात्यात सरळपणाने काढलेला माणूस, पण मुलाचा अडकलेला हप्ता बघून तोही म्हणाला, "अरे, घालू दे त्यांना त्यांच्या हाताने. तू डोळे मिटून घे." सून गप्प होती. तिच्या गप्प बसण्यात दोन इंजिनीयरांचे पगार होते, मुलीच्या कॉलेजची फी होती. मी आत्या म्हणून मध्ये पडले नाही, कारण ज्याच्या घरातून पैसे जायचे असतात त्याला बाहेरच्याने तत्त्वे सांगू नयेत, हे मी मनीऑर्डरीच्या दिवसांत शिकले आहे.

भाच्याने दोन दिवस विचार केला आणि परवाना स्वतः विकत घेतला. दोन कामगारांच्या तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम होती, मुदतठेव मोडून भरली. परवाना डेअरीच्या नावावर काढला, कारण तो चालवणाऱ्याच्या नावावर असावा लागतो. पैसे याचे, नाव त्यांचे.

इथपर्यंत मी पूर्णपणे भाच्याच्या बाजूची आहे. पण या परवाना देणाऱ्या कंपन्यांच्या बाजूची मी तितकी नाही, आणि तेही सांगायला हवे.

एक म्हणजे मोजणीची पद्धत. प्रत्येक तापमान, प्रत्येक झडप, प्रत्येक दाब म्हणजे एक 'टॅग', आणि काही ठिकाणी परवाना टॅगांच्या संख्येवर. १२८, ५१२, २०४८ अशा पायऱ्या असतात. ५१३ वा टॅग लागला की वरच्या पायरीचे पैसे. हे म्हणजे नाटकातल्या वाक्यांवर मानधन लावण्यासारखे! मग भाच्यासारखे लोक गरजेचे आकडेसुद्धा वगळून काटकसर करतात. (२०१० साली आलेल्या इग्निशन नावाच्या सॉफ्टवेअरने टॅग मोजणे सोडून एका सर्व्हरमागे एक दर ठेवला, त्याचे भाचा फार कौतुक करतो.)

दुसरे म्हणजे कुलूप. परवाना कधी त्या विशिष्ट संगणकाला बांधलेला असतो, तर कधी पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या डोंगलमध्ये असतो. एका कारखान्यात ऑपरेटरने मोबाइल चार्ज करायला जागा नाही म्हणून डोंगल उपटून खिशात टाकला आणि अर्ध्या प्लँटचे पडदे गेले, ही गोष्ट भाचा दर दिवाळीला सांगतो. पण संगणकाला बांधलेला परवाना त्याहून वाईट. दुसऱ्या एका कारखान्यात वीज पडून संगणकाचा मदरबोर्ड जळला. संगणक दुसरा आणला, प्रोग्रॅमची प्रत होती, पण परवाना जुन्या बोर्डाबरोबर सरणावर गेला. विक्रेत्याला पत्रे, पावत्या, जळक्या बोर्डाचे फोटो पाठवण्यात सहा दिवस गेले, आणि वार्षिक करार संपला आहे म्हणून वर पैसे मागितले ते वेगळेच. नाट्यगृहातले दिवे जळाले म्हणून प्रयोग पुढे ढकलला तर कोणता लेखक दुसऱ्यांदा मानधन मागेल? लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. इथे कायद्याचे संरक्षण एवढे लांब आणि परवान्याचा जीव एका मदरबोर्डाएवढा!

मी विचारले, मग फुकटची, मुक्त सॉफ्टवेअरे नाहीत का? आहेत. ओपन६२५४१ आहे, एक्लिप्स मायलो आहे, नोड-रेड आहे. भाचा काही कामांत वापरतोही. "पण आत्या, ती नीट बसवायला माणूस शिकलेला लागतो, आणि रात्री दोनला अडलं तर फोन कुणाला करायचा?" फोन त्यालाच येतो, हे तो सांगत नाही. तो सांगतो आहे तेवढ्यात दोनदा वाजला.

डेअरीचा हप्ता पाच महिन्यांनी मिळाला. परवान्याचे पैसे मिळाले नाहीत. मॅनेजरांनी पुढच्या वर्षीच्या देखभालीचे काम मात्र त्यालाच दिले, त्यात काय समजायचे ते समजा.

मी यात एक काम केले. त्याला म्हटले, तुझे सतरावे पान दुसऱ्या पानावर आण आणि मराठीत लिही. मग मीच लिहून दिले. तालीम म्हणजे काय, प्रयोग म्हणजे काय, दोन तासांनी पडदा का पडतो, मानधन कुणी, कुणाच्या नावाने आणि किती भरायचे, संगणक बदलला तर काय होईल. एक पानभर. त्याने खाली सहीसाठी जागा ठेवली आहे: 'वाचले व समजले.' आतापर्यंत चार कोटेशनांना ते पान लागले. दोघांनी सही करून रनटाइमची रक्कम आधीच धरली, एकाने काम दुसऱ्याला दिले. आणि चौथे एक गुळाच्या कारखान्याचे मालक आहेत, त्यांनी भाच्याला फोन करून विचारले, "हे पान कुणी लिहिलं? आमच्या गावात गणपतीत नाटक असतं, त्या लेखकालाही पैसे द्यायचे असतात का हो?"